जिना दाखव

आम्ही दोघी बहिणींनी घोडपदेव सोडलं त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्राचा हरताळ होता. ट्राम बंद, म्हणून आईने आम्हांला दादरपर्यंत चालवलं. मी दहाची, सुली सहाची. लालबागला रस्ताभर दगड, काचा आणि सुटलेल्या चपला. अश्रुधुराने सुली ओकली. पोलीस लाठ्या घेऊन गल्लीत शिरले तेव्हा आईने आम्हांला एका दुकानाच्या फळीखाली ढकललं; एक लाठी तिच्या खांद्यावर बसली. ती उठली, पदर झटकला आणि म्हणाली, "चला गो, उशीर होता."

महिन्यापूर्वी बाबा याच रस्त्यावर गोळी लागून गेले होते. चाळीने त्यांच्या फोटोला हार घातला. ते मोर्चात सगळ्यांत पुढे होते हे खरं. घरी आईला मिलच्या चामडी पट्ट्याने मारत, हेही खरं. तिचा डोळा सुजला की नळावर बायका विचारत आणि ती सांगे, "जिन्यावरसून पडलंय." त्या माना डोलावत. आमच्या चाळीत जिन्यावरून बायका फार पडत. पुरुष कधी पडल्याचं आठवत नाही.

आई मिलमध्ये जाणार, मग मुलींना कोण बघणार? म्हणून दादरचा मुलींचा आश्रम. फाटकाशी ती एवढंच म्हणाली, "कोणाक उलट बोलू नकात."

तिथल्या सांभाळणाऱ्या बाईंना माई म्हणायचं. सुली नव्या जागेत अंथरूण ओलं करायला लागली. माई तिला त्याच ओल्या चादरीत उभी करत आणि डाळीच्या लोखंडी पळीने मारत. सगळ्यांसमोर, प्रार्थना झाल्यावर. तपासणीला मंडळी यायची: आश्रमाचेच देणगीदार आणि त्यांच्या बायका. आठवडाभर आधी निरोप यायचा. त्या आठवड्यात मार फक्त पाठीवर, पोलक्याखाली. मग तेल, वेण्या, स्वागतगीत. मंडळी शिरा खाऊन वहीत "मुली आनंदी दिसल्या" असं लिहून जात, आणि माई ते आम्हांला मोठ्याने वाचून दाखवत.

पुन्हा एका हरताळाच्या सकाळी निरोप न देता एक डॉक्टरीणबाई आल्या. प्रभादेवीहून पायी, साडीला धूळ. त्या देणगीदार नव्हत्या, आश्रमाच्या मंडळातल्या नव्हत्या. बाहेरच्या म्हणूनच सरकारने त्यांना तपासणीसाठी नव्याने नेमलं होतं. सुलीचं मनगट वांग्यासारखं सुजलेलं होतं.

"हिला काय झालं?"

माझ्या तोंडून आपोआप आलं, "जिन्यावरून पडली."

बाईंनी वर कौलांकडे पाहिलं. आश्रम बैठा होता.

"जिना दाखव बघू मला."

माई हसल्या. "चाळीतली पोर आहे हो. तिला काय कळतंय?"

"चाळीतलीला जिना बरोबर कळतो. दाखवू दे की."

बोलले तर बाई निघून जातील आणि माई राहतील. न बोलले तर पुढच्या वेळी मनगटावर भागणार नाही. मी सुलीला फिरवलं आणि तिचं पोलकं मागून वर केलं.

बाईंनी वहीत एकच ओळ लिहिली: "या घराला जिना नाही." सुलीला कडेवर घेतलं आणि दगडफेक चाललेल्या रस्त्याने स्वतः इस्पितळात नेलं.

दुपारी माईंनी मला कोठीत ढकलून दार लावलं. "सांग आता, कुठून पडलीस?" पळी पडत राहिली. उजव्या हाताची दोन बोटं मोडली तेव्हा मी म्हणाले, "पडले नाही. तुम्ही मारलंत." मग आणखी मार, आणि रात्रभर बाहेरून कुलूप.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पुन्हा आल्या. हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. तपासणीवाले एकदा गेले की तीन महिने फिरकत नसत. बरोबर हवालदार होता. दाराच्या फटीतून त्याच्या हातातली लाठी बघून मी पोत्यांमागे दडले, पण त्या दिवशी ती लाठी कोठीचं कुलूप तोडायला आली होती. माई त्याच दिवशी गेल्या. सुली वाचली. तिची मुलं आता कॉलेजात आहेत.

मी नर्स होऊन इंग्लंडात लेस्टरला आले, त्याला पंचवीस वर्षं होतील. आता इथल्या मुलांच्या आश्रमांची, म्हणजे होम्सची, इंडिपेंडंट व्हिजिटर आहे, बाहेरची तपासनीस. होमचा पगार घेत नाही, चहाही घेत नाही. मॅनेजर विचारतात, अपॉइंटमेंट होती का? नव्हती. आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा जाते, कारण पहिल्या भेटीनंतरचा मार मूलच खातं. इथल्या मराठी बायका घराची आठवण निघाली की पुरणपोळीवर येतात. मी वाकडी बोटं खिशात घालते.

गेल्या हिवाळ्यात घोडपदेवला गेले. तीच खोली, बाबांच्या फोटोला तोच हार. आईच्या कपाळावर मोठं काळंनिळं टेंगूळ.

"जिन्यावरसून पडलंय गो."

घरात आता ती एकटीच असते, हे मला ठाऊक होतं. तरी म्हणाले, "जिना दाखव."

आई हसली, माझी तीच दोन बोटं धरून मला बाहेर घेऊन गेली आणि वरून तिसरी पायरी दाखवली. फळी खरंच मोडलेली होती.

"बघ, तपासनीसबाई. लिही तुझ्या वहीत."

मी तिथेच खाली बसले. घर म्हणजे काय ते मला कोणी विचारत नाही. विचारलं तर ती मोडकी पायरी सांगेन. आई पहिल्यांदाच खरोखर पडली होती.