पहिलं शील अन् पोरीची वेणी

पोरीले वळण लागावं म्हणून मीच तिले देऊळघाटच्या विहारात रविवारच्या धम्मवर्गाले धाडलं. घ्या आता! पाचवीतली पोरगी, कमरेइतकी वेणी, अन् वेणीत उवाच उवा. फणी घेऊन बसले, एक ऊ दोन नखांत धरली, तर इनं माझा हातच पकडला.

“आई, मारू नको. पहिलं शील आहे, जीवहत्या करायची नाई.”

“उवेचं काय शील वं?”

“तिले जीव नाई काय?”

झालं! मारायचं नाही, औषध लावायचं नाही. रोज सकाळी बाईसाहेब अंगणात फणी फिरवून राह्यल्या, अन् निघालेली ऊ कागदावर घेऊन कडुनिंबाखाली सोडून राह्यल्या. तिथं त्या उवा काय खात असतील, हे मी विचारलं नाही. नाहीतर पोरीनं त्याईच्यासाठी माझं डोकं मागितलं असतं. तसंही तेही खाजाले लागलंच होतं.

शेवटी वर्ग घेणाऱ्या गुरुजींकडे गेले. म्हटलं, “उवा मारल्या तर चालते, एवढं सांगा तिले.” त्याईनं चष्मा पुसला. मग म्हणे, “प्रश्न चांगला आहे ताई. पुढच्या रविवारी चर्चेले घेऊ.” कपाळ माझं! चर्चेनं उवा मरतात काय?

तिकडे शाळेतल्या बाईंनी बजावलं, डोकं साफ झाल्याशिवाय पोरीले धाडू नका. माझा पारा चढला. “औषध लाव, नाहीतर वेणी कापते!” मले वाटलं, आता येते वठणीवर. कारण वेणीवर तिचा भारी जीव. येणाऱ्या गॅदरिंगच्या नाचात वेणीमुळंच तिले पुढं उभं केलं होतं.

ती घरात गेली, कात्री घेऊन आली अन् माझ्याकडे पाठ करून बसली.

“काप.”

“अन् नाच?”

तिनं कात्री मागं धरली. खांदे तेवढे हलून राह्यले होते. मी हट्टानं कापली, पोरावानी बारीक केले केस, अन् कापता कापता मीच रडले. वेणी तिनं स्वतः उचलून कडुनिंबाखाली नेऊन ठेवली. असा संताप आला मले! तिचा, गुरुजींचा, अन् सगळ्यात जास्त माझा. वळण म्हणजे मले माझं ऐकणारी पोरगी पाहिजे होती.

दुसऱ्या दिवशी ती रुमाल बांधून शाळेत गेली. मी माझ्या डोक्यात फणी घातली. ऊ निघाली. नखात धरली. घरात कोणी नव्हतं, कोणी पाहणार नव्हतं. तरी नख काही दाबल्या जाईना. मग कागद शोधला, अन् पोरीले शिव्या देत देत कडुनिंबाखाली गेले.