आईंना लिफ्टमधून कुणी पाडलं

गेल्या रविवारी नरसीत आमच्या घरी सासूबाई पडल्या... आणि त्या माझ्यामुळे पडल्या, असं आता सगळे नातेवाईक म्हणतायत. म्हणून लिहितेय.

आईंना लकवा होऊन दोन वर्षं झाली. उजवी बाजू गेली, बोलणं एखाद-दुसऱ्या शब्दावर आलं. अंगानं भारी आहेत, त्यांना उचलून उचलून माझी कंबर कामातून गेली. शेवटी मीच हट्ट करून पेशंट उचलायची लिफ्ट आणली.

तिला वीज लागत नाही. पेशंटला कापडी झोळीत घ्यायचं, झोळीचे पट्टे वरच्या हुकांना अडकवायचे आणि हापशासारखा दांडा मारायचा... माणूस अलगद वर येतं. पण आधी लिफ्टचे खालचे दोन पाय पूर्ण फाकवायचे, नाहीतर ती कलंडते. जोडीला दुसरं माणूस हवंच, आणि पेशंट अधांतरी असताना ओढाताण करायची नाही. मी आणि हे रोज तसंच करत होतो. कधी तकलीफ झाली नाही.

रविवारी धाकटे भाऊजी पुण्याहून आले. हे शेतात होते. भाऊजी म्हणाले, "वहिनी, आज आईला मी उचलतो." खरं सांगते, मला बरं वाटलं. म्हटलं, "ह्यांना येऊ द्या, मग दाखवते कसं करायचं ते."

"यात काय दाखवायचं? हापसा तर मारायचा."

त्यांनी मोबाईल खिडकीत उभा केला, रेकॉर्डिंग चालू केलं. थांबायला तयारच नव्हते, म्हणून मी पट्टे अडकवायला घेतले. शेवटचा पट्टा अडकवते न अडकवते तोच भाऊजी दांडा मारायला लागले. आई वर उचलल्या गेल्या... आणि लिफ्टचे पाय मिटलेलेच!

"भाऊजी, खाली घ्या! पाय उघडले नाहीत!"

"काहून घाबरून राहिल्या तुमी?" म्हणत त्यांनी आईंना मोबाईलच्या बाजूला खेचलं.

लिफ्ट कलंडली. मी मध्ये शिरले, आई माझ्या अंगावर आल्या आणि लोखंडी दांडा माझ्या मनगटावर. त्यांना मुका मार लागला, माझं मनगट मोडलं. हिंगोलीला जाऊन प्लास्टर घालून आले.

संध्याकाळी भाऊजींचं स्टेटस बघितलं. पडायच्या आधीचा तुकडा... आई झोळीत, शेजारी भाऊजी हसतायत. वर लिहिलेलं, 'आईची सेवा'. आणि बाहेर ओट्यावर फोनवर सांगत होते, "मशीनच बोगस हाय. वहिनीनं हट्टानं आणली."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी लिफ्ट गोठ्यात नेऊन ठेवली. मी सगळं सांगितलं होतं त्यांना. तरी एवढंच म्हणाले, "लोक बोलून राहिले ना..." मग दोघा भावांचं पुन्हा काखेत हात घालून उचलणं सुरू झालं. लकव्याच्या दुखऱ्या खांद्याला हिसका बसला की आई लेकरासारख्या रडायच्या.

परवा चुलत सासूबाई बघायला आल्या. पलंगाशी बसून, मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "बाई, सुनंनं पाडलं व्हय तुला?"

मी चहा घेऊन दारातच थांबले. हे खाली बघत राहिले. भाऊजी मोबाईलमध्ये.

आईंनी जोरजोरात मान हलवली. डावा हात उचलला आणि भाऊजींकडे बोट केलं.

"ह्यानं."

आईंचे ओठ बराच वेळ हलत राहिले, मग अजून दोन शब्द आले. "मशीन... आण."

हे उठले आणि गोठ्याकडे गेले. काही वाकलं नाही ना, पट्टे उसवले नाहीत ना, ते आम्ही दोघांनी नीट तपासलं आणि मगच लिफ्ट आत घेतली. भाऊजी त्याच दुपारी निघून गेले. स्टेटसबद्दल चकार शब्द नाही, माझ्या हाताबद्दलही नाही.

घरात नीट बोलता येणारी माणसं कमी नव्हती हो... पण माझ्या बाजूनं बोलली ती एकटी, जिला एकेका शब्दासाठी घाम फुटतो.

आई, हे मी विसरणार नाही. आणि बाकीच्यांचं गप्प बसणंही नाही.