आबा, आज काय?

उजव्या हाताचं एक बोट वर धरून ती खाटेशी उकिडवी बसायची आणि विचारायची, "आबा, आज काय? एकच सांगा."

बजाजनगरात आमच्या दोघींच्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती, त्यामुळे सकाळचा हा प्रश्न मला रोज ऐकू यायचा. ती कंपनीत पॅकिंगला होती. आबा म्हणजे तिचे वडील, देवगाव रंगारीचे, आयुष्यभर वायरमन. खांबावर सरसर चढणारा माणूस. कॅन्सर हाडांपर्यंत गेला तेव्हा तिने त्यांना इकडे आणलं. केमो झाली आणि ते इतके थकले, की पाणी प्यायला उठून बसले तरी धाप लागायची.

सुरुवातीला तीही चुकली. "उठा, चाला, पडून पडून अंग आंबतं," म्हणून त्यांच्या मागे लागायची. एकदा त्यांनी ताट सरकवलं म्हणून ओरडली आणि मग मोरीत जाऊन रडली. तेही मला भिंतीतून ऐकू आलं. शेवटी डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, की आजार बरा होणारा नाही, आणि ही दमणूक झोपेने जाणारी नाही. अंगात रोज थोडासाच जोर असेल. तो त्यांना हवा तिथेच लागू द्या. तेव्हापासून ते बोट.

आबा कधी म्हणत, आंघोळ. कधी म्हणत, दारात बसायचं. एकदा दाढी म्हणाले. अर्धी झाली आणि त्यांची मान कलंडली. फेस पुसत ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, उरलेली उद्या. कुठं पोरगी बघायला जायचंय?" आबा डोळे मिटूनच हसले. दोन दिवस ते तसेच अर्ध्या दाढीचे होते.

तुम्ही पाहिलं असेल, आजारी माणसाच्या घरी कोणी रिकाम्या हाताने जात नाही. काही नसलं तर सल्ला तरी नेतो. मीही नेला. "थोडं चालवत जा गं त्यांना."

"काकू, जोर त्यांचा हाय. त्यांनाच ठरवू द्या," ती म्हणाली.

त्या वर्षी पाऊस नव्हता. टँकर आठ-आठ दिवसांनी यायचा, आणि तरी मागच्या मोकळ्या रानात प्लॉट पडत होते, नवे खांब उभे राहत होते. दारात बसले की आबा तिकडेच बघायचे. "तार लई ढिली सोडली येड्यांनी," म्हणायचे.

एके सकाळी त्यांनी सांगितलं, "आज आक्काशी बोलायचं." आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, सोयगावची. दुपारी येणार होती. तिला आणायला ही बसस्टँडवर गेली आणि जाताना मला आबांजवळ बसवून गेली.

आबा त्या दिवशी जरा तरतरीत दिसत होते. मला वाटलं, पोरगी उगाच इतकं जपते. मी म्हटलं, "आबा, कोपऱ्यावर लाइटची नवी डीपी बसवलीय. बघायची का?"

त्यांचे डोळे चमकले. "व्हय? चला."

शंभर पावलं असतील. डीपीपुढे ते बराच वेळ उभे राहिले, अर्थिंगची तार कुठे जाते ते मला बोटाने दाखवलं. परत येताना मात्र चार वेळा माझ्या खांद्यावर भार टाकून थांबले. ओठ पांढरे पडले होते. खाटेवर पडता पडता पुटपुटले, "पोरीला सांगू नका. मी घरातच व्हतो."

आक्का आली. भावाचा हात हातात घेऊन चार तास बसली. आबांनी दोनदा डोळे उघडले, ओठ हलवले. शब्द काही फुटला नाही. "निजू दे त्याला," म्हणत ती म्हातारी संध्याकाळच्या गाडीने परत गेली. पुढच्या आठवड्यात आबा गेले. त्यानंतर आक्का आली ती मातीलाच.

मी कुणाला काही बोलले नाही.

महिनाभराने तिने खोली सोडली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, शेंद्र्याकडे, तिला काम मिळालं होतं. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा मात्र मला राहवलं नाही.

"त्या दिवशी आबांना मीच बाहेर नेलं होतं गं."

"माहितंय, काकू."

"आबा बोलले?"

"नाय. पायांना धूळ व्हती त्यांच्या. आत्या गेल्यावर मीच पुसली."

"मग मला बोलली का नाहीस? भांडायचं तरी."

तिने गादीची वळकटी आत ढकलली आणि फळीला धरून क्षणभर उभी राहिली.

"भांडायला जोर लागतो, काकू. तवा नव्हता."

आता आहे का, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही. ती मागेच चढली, वळकटीला टेकली. टेम्पो निघाला. मी हात वर केला, पण गल्ली संपायच्या आतच तिचे डोळे मिटले होते.