मागच्या टायरचा गोंधळ: ११० की १३०?

मंडळी, ज्यांना बाइकमधलं कळतं त्यांनी प्लीज मदत करा. माझं डोकं चालेनासं झालंय.

आज सकाळी मागचा टायर बदलायला दिल्लीतल्या करोल बागला गेलो. बायको मीनल सोबत होती. कंपनीकडून आलेला टायर ११० मिमी रुंदीचा. दुकानदार म्हणाला, "भाईसाहब, एक सौ तीस डलवाओ, सड़क से चिपक के चलेगी." रुंद टायर म्हणजे जास्त पकड, मलाही पटलं.

परतताना मंडी हाउसच्या गोल चक्करवर गाडी वळेचना. नेहमीसारखी झुकवली तर ती सरळ उभी राहायला बघत होती. जोर लावून वळवेपर्यंत गाडी वळणाच्या बाहेरच्या बाजूला गेली आणि एक ऑटो हातभर अंतरावरून गेला.

शेजारचे काका मानेसरला गाड्यांच्या कारखान्यात होते. त्यांना टायर दाखवला. म्हणाले, "अरे, तुझी रिम अरुंद आहे. रुंद टायर तिच्यात आवळला जातो, त्याचा आकार बदलतो. गाडी वळायला जड होणारच. परत ११० बसव."

तसाच परत दुकानात निघालो, तर मीनल म्हणाली, "राहू दे ना यार. गेल्या थंडीत आपण घसरलो, तेव्हापासून मागे बसायची भीती वाटायची. आज पहिल्यांदा गाडी स्थिर वाटली मला."

त्या ऑटोचं तिला कळलंच नाही. ती मोबाइल बघत होती. मीही अजून सांगितलेलं नाही.

११० बसवला तर ती मागे बसेल का? आणि १३० ठेवला तर मी तिला नीट घरी आणेन का? तुम्ही काय केलं असतं?