मामाच्या अंगावरच्या रेघा

आमचा मामा गवंडी. भिंतीकडे नुसतं बघून सांगणार, "डावीकडे सूतभर झुकलीय." ओळंबा सोडला की तेच निघायचं आणि मामा दिवसभर मिशीत हसायचा. अशा माणसाच्या कण्यात गाठ निघाली, पाठीत कळ येऊ लागली आणि डावा पाय उचलेनासा झाला. डॉक्टर म्हणाले, "गाठ नसांवर दाबतेय. दहा दिवस रेडिएशन देऊ. पायात जोर येईल अशी आशा आहे, खात्री देत नाही." मामीने फक्त 'आशा' ऐकलं आणि मामाने फक्त 'खात्री नाही'.

किरण नेमके गाठीवर पडावेत म्हणून मशीनवरच्या ताईंनी त्याच्या पोटावर आणि दोन्ही कुशींवर शाईच्या खुणा केल्या, पुसू नका म्हणून बजावलं. चौथ्या दिवशी साहेबांनी आंघोळीत साबण चोळून सगळं साफ केलं! आता ताई रागावणार, म्हणून दोघांनी घरीच कारभार उरकला. मामा भिंतीला टेकून उभा, मामीच्या एका हातात ओळंबा, दुसऱ्यात मार्कर.

"बघून घ्या ताई. चाळीस वर्षांत माझी रेघ चुकलेली नाही," मामा दवाखान्यात मशीनच्या टेबलावर आडवा होत म्हणाला.

ताईंनी मोजून पाहिलं. "मामा, बोटभर चुकलीय."

मामाचं तोंड बघण्यासारखं झालं.

"भिंत श्वास घेत नाही, मामा. तुम्ही घेता. आणि अंग उभं असताना वेगळं, झोपल्यावर वेगळं." ताई रागावल्या, मग हसल्या आणि सगळी मापं नव्याने घेतली. परतताना मामी रस्ताभर हसत होती. त्या घरात महिनाभरात कोणी हसलं नव्हतं, त्यामुळे मला फार बरं वाटलं.

दहा दिवस संपले. पाठीची कळ गेली, पाय मात्र तसाच. मामा खालच्या खोलीत छताकडे बघत पडून असायचा. महिना गेला. एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर पलंग रिकामा! मी आणि मामी धावलो. मामा जिन्यात, चौथ्या पायरीवर, कठडा धरून, घामाने निथळत उभा.

"कोणाला विचारून चढलात? आधी खाली उतरा!" मामी ओरडली.

मामा निमूटपणे वळायला लागला.

"थांबा," मामी म्हणाली. तिला रडू आवरेना. "अजून एक चढा. मला बघू दे."

मामाने डावा पाय उचलून वरच्या पायरीवर ठेवला आणि विचारलं, "एकच?"