कर्नल अनंतरावांची टोपी

जळगाव-धुळे रस्त्याने मला आयुष्यात जेवढे हादरे दिले, त्याहून जास्त त्या रस्त्याच्या धुळ्याकडच्या टोकाला राहणाऱ्या एका माणसाने दिले. ते माझे व्याही. व्याही म्हटला की कसा असावा? चहा अर्धा ठेवून रुसणारा, पंगतीला उशीर झाला की घड्याळाकडे बघणारा. आमच्या व्याह्यांना रुसायला सवडच नव्हती. कॉलेजात गणित शिकवायचे आणि चित्त कायम फ्रान्सात. फ्रान्स म्हणजे अत्तर, एवढंच तोवर मला ठाऊक. तिथे गणितवाले असतात आणि ते इतके वात्रट असतात, हे मला व्याह्यांमुळे कळलं, आणि कळलं तेही नेमकं माझ्या लेकीच्या लग्नात.

पहिला हादरा बोलणीच्या वेळचा. माझे यजमान लेक लहान असतानाच गेले, म्हणून आमच्या घरात शब्द थोरल्या दिरांचा, आबांचा. आबा अमळनेरकडचे शेतकरी, घरातली सगळी लग्नं त्यांनीच पार पाडलेली. त्यांनी घसा खाकरून विचारलं, तुमची अपेक्षा काय. व्याह्यांनी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात एक शून्य काढलं, त्यावर तिरपी रेघ मारली आणि म्हणाले, "ही आमची अपेक्षा. रिकामा संच. ही खूण फ्रान्सातल्या मंडळींनी आणली." मला तर गहिवरून आलं, आजच्या काळात हुंडा नको म्हणणारं माणूस! आबांचं मात्र वेगळंच. परतीच्या बसमध्ये एरंडोलपाशी त्यांनी तोंड उघडलं. त्यांचं म्हणणं असं, की माणसाने शून्य लिहिलं आणि मग ते खोडलं, म्हणजे शून्यावर तो राजी नाही.

हा संशय मनात घेऊनच आबा लग्नाला उभे राहिले. आमच्याकडे पत्रिकेत सोयऱ्यांकडच्या ज्या पुरुषाचं नाव, त्याला मांडवात माइकवरून पुकारून टॉवेल-टोपी आणि नारळ द्यायचा. एक नाव सुटलं तर जन्माचं वैर. आबांनी पत्रिका समोर धरून टोप्या आणलेल्या. आजोबा झाले, मामा झाले, आणि पुकारा झाला, 'कर्नल अनंतराव, वराचे चुलते'. कोणी उठेना. पुन्हा पुकारलं. हातात उरलेली एकच टोपी धरून आबांनी व्याह्यांना आपल्या अहिराणीत विचारलं.

"हाऊ कर्नल कोठे शे? बठ्ठासले टोप्या दिध्यात, हाऊ एक ऱ्हायना."

व्याह्यांनी उपरण्याने कपाळ पुसलं. आबांना काय वाटायचं ते वाटलं. भाऊबंदकी असणार, चुलत्याला डावललं असणार, आणि उद्या तो दारात उभा राहिला तर आपली पोर कुणाकडे बघणार? त्यांनी भटजींच्या हातातला अंतरपाट घेतला, घडी केली आणि काखेत मारली. तो माणूस येईल तेव्हाच लग्न लागेल म्हणाले. माझी लेक मुंडावळ्या बांधून, हार हातात धरून उभी. भटजींची नजर घड्याळावर.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, कर्नल सीमेवर आहेत, रजा मिळाली नाही. व्याह्यांनी माइक घेतला आणि पहिल्यापासून खरं सांगायला लागले. फ्रान्सात म्हणे काही तरुण प्राध्यापक होते, त्यांना जुनी पुस्तकं पटेनात. त्यांनी गणित पायापासून नवं लिहायला घेतलं, पण नाव कुणीच आपलं घातलं नाही. एका सेनापतीचं आडनाव उचललं, नसलेला माणूस उभा केला आणि पुस्तकं त्याच्या नावावर छापली. पुढे त्याच्या लेकीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा काढली. एका अमेरिकन माणसाने लिहिलं, की असा कोणी गृहस्थच नाही, तर यांनी उठवून दिलं की असा अमेरिकन माणूसच मुळात नाही. एवढं सांगून व्याही म्हणाले, "तर आमचा अनंतराव तसाच आहे. म्हणजे, नाही."

मागे आचाऱ्याचा झारा कढईवर आपटला. माझ्या मनात भलतंच आलं. पत्रिकेत खोटा चुलता छापणारी माणसं, उद्या नवरा मुलगाही यांनी असाच बनवलेला निघाला तर?

तेवढ्यात मागच्या रांगेतून धुळ्याचे किराणावाले शेठजी उठले. "नाही कसा? मी आहे ना." मग भुसावळचे रेल्वेतले गार्ड उठले, मग दोन शाळामास्तर. व्याही जाऊन त्यांच्यात उभे राहिले. या पाच जणांनी मिळून कर्नल अनंतरावांच्या नावाने खेड्यातल्या मुलांसाठी गणिताच्या पुस्तिका लिहिलेल्या. शेठजींच्या दुकानात साखरेच्या पोत्यांवर बसून एका ओळीवरून इतके भांडायचे की गिऱ्हाईक हळद न घेता परत जायचं. एकाला जरी ओळ कळली नाही तरी ती खोडायची, आणि लिहिलेल्याला 'माझं' म्हणायचं नाही. फ्रान्सातलेही असेच भांडायचे म्हणे.

आबांनी एकेकाचं तोंड पाहून बोटांवर मोजलं. मग आमच्या माणसांना म्हणाले, "आखो चार टोप्या आना रे. मानूस एक, पन डोका पाच शेतस." आणि काखेतला अंतरपाट त्यांनी भटजींना परत दिला.

हादरे पुढेही चालूच राहिले. एक मोठा फ्रेंच गणिती सगळं सोडून डोंगराकडच्या खेड्यात जाऊन राहिला आणि म्हणे रानपाल्याच्या सूपावर जगून पाहायला लागला, हे वाचल्यावर व्याह्यांनी रानात उगवणाऱ्या पाथरीच्या भाजीखेरीज सगळं वर्ज्य केलं. लेकीने मला रडत फोन केला. मी भरीत-भाकरीचा डबा घेऊन धुळे गाठलं आणि काही न बोलता तो त्यांच्यासमोर उघडून ठेवला. वासाने फ्रान्स हरला. त्या खोट्या नावाने लिहिणाऱ्या फ्रेंच मंडळींना पन्नाशीला निवृत्त व्हावं लागतं म्हणून यांनीही पन्नासाव्या वाढदिवशी अनंतरावपणाचा राजीनामा दिला, आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच पोत्यावर जाऊन बसले. राजीनाम्यातल्या एका ओळीवर भांडण राहिलं होतं म्हणे.

मग शेठजी गेले. गार्ड गेले. एक मास्तर मुलाकडे परदेशी गेले ते तिकडचेच झाले आणि दुसऱ्या मास्तरांना आता स्वतःचंच नाव आठवून द्यावं लागतं. पुस्तिका बंद पडल्या. मी एकदा विचारलं, लिहीत का नाही? व्याही म्हणाले, "विहीणबाई, आता 'माझं' म्हटलं तरी कोणी अडवत नाही."

यंदा नातीचं लग्न झालं. पत्रिकेत व्याह्यांनी हट्टाने अनंतरावांचं नाव घातलं. मुलाकडच्यांनी पुकारलं. व्याही उठायला गेले, गुडघ्यांनी साथ दिली नाही, आणि ते खाली बसून शेजारच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघायला लागले. दुसऱ्यांदा पुकारलं. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं मी दुकानांच्या पाट्या आणि वाचनालयातल्या कादंबऱ्या वाचून शिकले. गणित तर अपूर्णांकाच्या अलीकडेच राहिलं. तरी मी उठून पुढे गेले. टोपी धरलेले गृहस्थ माझ्या पांढऱ्या केसांकडे आणि मोकळ्या कपाळाकडे बघून थबकले. "द्या," मी म्हटलं, "मीच अनंतराव." टोपी पदरावरून डोक्यावर घेतली आणि मागे वळून पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हादरा मी दिला होता.

आता दर गुरुवारी मी धुळ्याची बस धरते. व्याही एक ओळ लिहितात, मी 'नाही कळलं' म्हणते, ते चिडतात, भांडतात, खोडतात आणि पुन्हा लिहितात. गेल्या गुरुवारची ओळ मला वाचताक्षणीच कळली, अगदी लख्ख. मी कागद डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला आणि म्हटलं, "छे, काही कळत नाही बुवा. पुढच्या गुरुवारी बघू."