दवाखान्याचं कलम

दुसऱ्याच्या झाडाकडे आमच्या आतोबांइतकं निर्लज्जपणे बघणारा माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात सापडायचा नाही. आत्येचे यजमान म्हणून मी त्यांना मान देतो. पण लग्नाच्या मांडवात बसून हे गृहस्थ नवरानवरी सोडून मागल्या दारचा हापूस न्याहाळू लागले, की तोंड कुठं लपवावं कळत नसे. "इतक्या मायेनं हे माझ्याकडे उभ्या जन्मात बघितले नाहीत," असं आत्ये म्हणते, आणि त्यात तक्रार कमी, वस्तुस्थिती जास्त.

आमच्या गावच्या फाट्यावर एका ट्रस्टचा छोटा दवाखाना आहे. थोड्या खाटा, एक म्हातारे डॉक्टर आणि बाळंतपणाच्या खोलीसाठी दोन सिस्टर. त्या दोघींचे पगार भागवणं हा एसटीतून निवृत्त झाल्यावर आतोबांनी अंगाला लावून घेतलेला उद्योग. पैसे मागितले की लोक मुंबईकर गावकऱ्यांच्या मंडळाकडे बोट दाखवत आणि मंडळ देवळाकडे. मंडळाने वेशीवर मोठी कमान बांधली. "झकास झाली," आतोबा म्हणाले, "आता अडलेल्या बायका तिच्याखालून थाटात रत्नागिरीला जातील." मग त्यांनी गावची जुनीच रीत उचलली. आमच्याकडे एखादं कलम देवाला सोडतात. त्याचा आंबा घरचं कुणी खात नाही, चोरसुद्धा हात लावत नाही. तसं एक कलम दवाखान्याला सोडा, म्हणत ते दारोदार फिरू लागले. "आमचं एक हाय की देवाला सोडलेलं," असं कुणी म्हणालं तर विचारत, "देव कधी बाळंत झाला काय रे मेल्या?"

लोकांनी दिली कलमं. आमचा माणूस नाही म्हणत नाही, देताना फक्त नीट निवडतो. एकाने वीज पडलेलं दिलं. दुसऱ्याने हद्दीच्या वादातल्या गडग्यावरचं, दगडी बांधावरचं दिलं, म्हणजे आंबे उतरवायला गेलं की शेजारी कोयती घेऊन हजर. तिसऱ्याचं माकडांनी केव्हाच ताब्यात घेतलं होतं. आतोबा प्रत्येक खोडावर तांबड्या रंगाने अधिकचं चिन्ह काढत आणि मालकाचे हात हातात घेऊन असे आभार मानत, की त्यालाही क्षणभर आपण दानशूर असल्यासारखं वाटावं. वाडीतले एक म्हातारे वारले, तेव्हा चितेच्या लाकडांसाठी माणसं नेमकं चिन्हाचं झाड तोडायला निघाली. आतोबा खोडाला मिठी मारून उभे राहिले. "मेलेल्याला लाकूड कुठलंय चालतं, हे जित्या बायांचं हाय!" म्हाताऱ्यांचा मुलगा रडायचा थांबून शिव्या देऊ लागला.

मीही दिलं. घरामागे बारा वर्षं एकही आंबा न धरलेलं कलम होतं, ते दिलं. आतोबांनी त्याच्यावरची बांडगुळं काढली, आळं केलं, दाभोळहून माशांचं खत आणून घातलं. आठवडाभर आम्ही नाक दाबून जेवलो. तिसऱ्या वर्षी ते असं मोहरलं की पान दिसेना.

आणि त्याच वर्षी बाकीच्या बागेचा मोहोर थ्रिप्सच्या किडीने करपवला. बाग घेणारा व्यापारी म्हणाला, घरामागलं कलमही धरून बाग देत असाल तर बोला. मी धरून दिलं. मुलाची फी होती, फवारणीचा खर्च होता. कारणं माणसाला कधी कमी पडत नाहीत. मी एकटाच होतो असंही नाही. झाड सुधारलं की मालकाला मालकी आठवते. धरणारी बहुतेक कलमं अशीच आपापल्या घरी परत गेली, वीज पडलेलं तेवढं दवाखान्याकडे राहिलं. गरज सरो, वैद्य मरो ही म्हण आम्ही गावाने मिळून अक्षरशः करून दाखवली. "यंदाचं एकच वर्ष, आतोबा," मी म्हणालो. ते झाडाकडे बघत म्हणाले, "एकच वर्ष ना? बरं. बायांना सांगतो, यंदा थांबा म्हणून."

पावसाळ्याआधी बाळंतपणाची खोली बंद झाली. दोघी सिस्टर गेल्या, एक चिपळूणला, एक मुंबईला. आतोबा मात्र अजून रोज सकाळी दवाखान्याच्या पडवीत जाऊन बसतात. ज्या घरांना वर्षानुवर्षं "लांब कशाला जाता, इथंच या" म्हणून सांगितलं, त्याच घरच्या बायकांना गाडीतून उतरू न देता पुढे पाठवायचं काम त्यांनी घेतलंय. बरोबरच्या माणसाचा नंबर लिहून घेतात आणि संध्याकाळी फोन करून विचारतात.

गेल्या महिन्यात माझ्या पुतणीला कळा सुरू झाल्या. गाडी मीच चालवत होतो. फाट्यावर आतोबा पडवीतून उठून आले. आत वाकून त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. "घाबरू नको गो बाय, सव्वा तासात पोचशील." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुलाजवळ खड्डे हायत. सावकाश ने."

दोन शिव्या हासडल्या असत्या तर मी जन्मभर त्यांचा ऋणी राहिलो असतो. गाडी आदळली की पुतणी मागे ओरडायची, आणि मला स्वतःची इतकी लाज वाटत होती की आरशात तिच्याकडे बघवेना.

मुलगी झाली, दोघी सुखरूप. संध्याकाळी आतोबांचा फोन आला. "पोचलात ना वेळेवर?" मी होय म्हणालो आणि माफीचे शब्द जुळवू लागलो, पण त्यांना त्या दिवशी पुढे पाठवलेल्या आणखी दोन बायकांच्या घरी फोन करायचे होते.